बाथरूमजवळचा बेड देणाऱ्या सिस्टरला

सिस्टर,

तुमचं नाव बिल्ल्यावर वाचलं होतं पण इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. मी यवतमाळकडचा कास्तकार, मोठ्या आतड्याला सूज अन जखमा होतात त्या आजारासाठी (अल्सरेटिव्ह कोलायटिस) दर दोन महिन्यांनी एसटीनं नागपूरला येऊन इन्फ्लिक्सिमॅब औषधाचं सलाईन लावून जातो तो. लई दिवसांचं मनात होतं, आज लिहूनच राहिलो.

पहिल्या डोसच्या दिवशी मी आदल्या दुपारपासून जेवलो नव्हतो. दिवसातून 15-16 वेळा जावं लागायचं, रक्त अन आव, मग एसटीत बसायचं म्हणजे पोट रिकामं ठेवूनच. वॉर्डात आलो तर खिडकीजवळचा बेड दिला होता, अन माझं लक्ष सारं बाथरूमच्या दारावर, किती पावलं होतील तेच मोजत होतो. दोन तास सलाईन चालणार, मधात घाई लागली तर? विचारायची लाज वाटत होती. तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं, अन काहीच न विचारता त्या कोपऱ्यातल्या काकांना म्हणाल्या, "काका, तुमी खिडकीपाशी या न जी, हवा चांगली येते." अन मला दारापासचा बेड. स्टँडही चाकाचं आणून दिलं. मी तोंड भिंतीकडं करून रडलो, ते तुम्हाला दिसलं का नाही माहीत नाही.

दोन वर्षं तालुक्याच्या एका डॉक्टरनं मूळव्याध म्हणून मलम दिलं, एकदाही दुर्बिणीनं तपासून घ्या म्हटलं नाही. दुसऱ्यानं स्टेरॉइड चालू केलं ते बंदच करेना, तोंड फुगलं, शुगर वाढली, अन गोळी कमी केली का रक्त परत सुरू. त्यांना माझ्याकडं पाहायला दोन मिनिटं नव्हती. राग अजून गेला नाही.

तुमच्याकडं खोटी आशा कोणी दिली नाही हेही सांगतो. मोठ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं का अभ्यासात 8 आठवड्यांत शंभरातल्या पासष्ट-सत्तर लोकांना गुण येतो, बाकीच्यांना नाही, अन ते निवडून घेतलेले पेशंट असतात, खेड्यातल्या माणसाचं हिमोग्लोबिन, वजन, जुना टीबी सारं वेगळं असू शकते. माझ्या बाबाला टीबी होता हे मी लपवलं होतं, तुम्ही हळूच विचारलं तेव्हा बोललो. हे औषध शरीरातल्या सूज वाढवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडवते, पण झोपलेल्या टीबीला दाबून ठेवायचं कामही तेच टीएनएफ करते, म्हणून तो उठू शकते, हे मला त्या दिवशी समजलं. तपासणीत माझ्यातही झोपलेला टीबी निघालाच. मग टीबीच्या आयसोनियाझिड गोळ्या सहा महिने, अन महिनाभर गोळ्या झाल्यावरच पहिला डोस. माझ्या 48 किलोला 240 मिलीग्रॅम, म्हणजे 100 मिलीग्रॅमच्या तीन बाटल्या. पैशाचं कसं जमवलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या डोसनंतर रक्त थांबलं. तिसऱ्यानंतर मी पहिल्यांदा संडासचा डबा न घेता वावरात गेलो, दिवसभर कापूस वेचला. बायकोनं संध्याकाळी विचारलं, "आज किती वेळा?" म्हटलं, दोनदा. ती काहीच बोलली नाही, चुलीपाशी बसून राहिली.

चांगली माणसं असतात हो. एकदा देवळीच्या आधी कंडक्टरभाऊनं माझं तोंड पाहून गाडी थांबवली, भरल्या गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही, मी परत येईपर्यंत सीटही ठेवली. त्याचंही नाव माहीत नाही.

उद्या औषध लागू पडणं बंद होऊ शकते, तुम्हीच सांगितलं आहे. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लगेच फोन करायचा, तेही पाळतो. पण सध्या बरा आहे. पुढचा डोस पोळ्यानंतर. यावेळी घरून भाकर अन बेसन खाऊन गाडीत बसणार आहे, अन तो दारापासचा बेड कोणा नव्याला द्या.

तुमचा कापूसवाला पेशंट