अमेरिकेतलं स्वस्त गृहकर्ज आणि उत्पन्नाची अट

संपादक महाशय,

अमेरिकेत राज्यांची गृहवित्त मंडळं करमुक्त रोखे काढून पहिलं घर घेणाऱ्यांना कमी व्याजाने कर्ज देतात. तिथे स्थायिक होणारी मराठी कुटुंबं या कर्जासाठी अर्ज करताना नेमकी उत्पन्नाच्या अटीत अडकतात.

म्हाडाच्या सोडतीत गटाची मर्यादा ठराविक रकमेची असते. अमेरिकेत ती त्या भागाच्या मध्यम कौटुंबिक उत्पन्नावरून (मीडियन, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याहून कमी कमावतात तो आकडा) ठरते: एक-दोन माणसांच्या कुटुंबाला १०० टक्के, तीन किंवा अधिक माणसांना ११५ टक्क्यांपर्यंत. मध्यम उत्पन्न १ लाख डॉलर धरा. पगार ९६ हजार, ओव्हरटाइम ६ हजार, तर जोडपं अपात्र. तेच उत्पन्न आणि घरात एक मूल असेल तर पात्र.

मोठी चूक होते ती टॅक्स रिटर्नवरचा कमी आकडा लिहिल्याने. मंडळ कपातीआधीचा पगार धरतं, त्यात बोनस आणि ओव्हरटाइमही येतात. चालू महिन्यांच्या पगारपावत्यांवरून स्वतः वर्षाचा हिशेब करून पाहावा.

दुसरी गोष्ट तर सहीच्या वेळी कुणी नीट समजावतही नाही. नऊ वर्षांच्या आत घर नफ्यात विकलं आणि तोवर उत्पन्न बरंच वाढलेलं असेल, तर रिकॅप्चर टॅक्स, म्हणजे स्वस्त कर्जाची सवलत अंशतः परत वसूल करणारा केंद्रीय कर, लागतो. पाचव्या वर्षी तो सर्वाधिक, मूळ कर्जाच्या ६.२५ टक्के; ३ लाखांच्या कर्जावर १८,७५० डॉलर. मात्र नफ्याच्या निम्म्याहून अधिक तो कधीच नसतो. कर शून्य निघाला तरी नऊ वर्षांच्या आतल्या विक्रीनंतर या कराचा फॉर्म ८८२८ टॅक्स रिटर्नसोबत भरावाच लागतो.

— एक गृहकर्ज सल्लागार, न्यू जर्सी