रायझर घेताना रंग पाहू नका

मा. संपादक,

तिरंदाजीतल्या बेअरबो प्रकारच्या धनुष्यात साइट, म्हणजे नेम धरायचे साधन, नसते; तोल राखणारा लांब दांडा, म्हणजे स्टॅबिलायझरही नाही. त्यामुळे तोल सांभाळायचा तो रायझरने, म्हणजे धनुष्याच्या मधल्या, हातात धरायच्या भागानेच. तरी पालक रंग आणि किंमत पाहून मोकळे होतात!

२५ इंची रायझरला मध्यम लांबीचे लिंब (वरखालचे वाकणारे हात) लावले की धनुष्य ६८ इंची होते. साधारण २८ इंच ओढीला ते पुरते. लिंबांची बैठक आयएलएफच (वेगवेगळ्या कंपन्यांचे लिंब बसतील अशी सामाईक जोडणी) असावी, म्हणजे मूल वाढले तर फक्त लिंब बदलता येतात. पकडीखाली वजन लावायला आटे हवेतच. मात्र दोरी उतरवलेले धनुष्य वजनासकट १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून पार झाले पाहिजे, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीत अडकते. वजने विकत घेण्याआधीच मापून पाहा. बोटे दोरीवर खाली सरकवून नेम धरणाऱ्यांनी टिलर, म्हणजे दोरीपासून वरच्या आणि खालच्या लिंबाच्या अंतरातला फरक, शून्याजवळ ठेवावा.

आपल्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियममधले पोलादी बोल्ट गंजून जाम होतात. सरावानंतर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा, आट्यांना तेलाचा थेंब द्या. पावसाळ्यात बंद पेटीत ओले धनुष्य ठेवणे सर्वांत वाईट.

– एक तिरंदाज, रत्नागिरी