बंद खिडक्या उघडून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

आपली नात ज्या सहावीच्या वर्गात आहे, त्या वर्गाची मी वर्गशिक्षिका. गेल्या हिवाळ्यात आपण आमच्यासाठी जे केलेत, त्याचे आभार चारचौघांसमोर मानावेत, असे फार दिवस मनात होते.

नाशिकची सकाळची थंडी आणि वर्दळीच्या द्वारका चौकाकडून येणारा वाहनांचा धूर, या दोन्हींमुळे आम्ही खिडक्या लावून घेत असू, आणि दुपारी पंखा फिरू लागला की हवा खेळती आहे, असे समजत असू. जेवणाच्या सुट्टीनंतर पेंगणाऱ्या मुलांना मी रागावत असे, याचे आज फार वाईट वाटते.

कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र घेऊन आपण दिवसभर शेवटच्या बाकावर बसलात. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. आमच्या वर्गात पहिला तास अर्ध्यावर येण्याआधीच ते १००० च्या पुढे गेले. कोंदट खोली ओळखण्यासाठी हीच मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ च्या सुमारास सुचवली होती, हे आपल्याकडूनच कळले. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो, एकमेकांनी सोडलेला श्वास आपण पुन्हा किती आत घेतो आहोत याची ती केवळ खूण आहे, हेही आपण शांतपणे समजावलेत, म्हणून पालक घाबरले नाहीत.

महागडे यंत्र घ्या, असे आपण म्हणाला नाहीत. पंखा आतलीच हवा फिरवतो, नवी आणत नाही, एवढे सांगून आपण भिंती निरखू लागलात. मागच्या खिडक्या नकाशांच्या कपाटामागे दडल्या होत्या आणि गरम हवा वरून निघून जावी म्हणून छताखाली बसवलेल्या झडपा रंगाच्या थरांनी चिकटल्या होत्या. आपण सुताराला घेऊन आलात, त्याच्या बरोबरीने रंग खरवडलात, बिजागऱ्यांना तेल घातलेत. आता शाळा भरताना आणि सुटताना रस्त्याकडच्या खिडक्या बंद असतात, एरवी त्या वीतभर उघड्या ठेवतो. मागच्या बाजूच्या मात्र दिवसभर सताड उघड्या असतात आणि वारा आरपार वाहतो. थंडीसाठी मुले स्वेटर घालतात.

सातवीच्या वर्गातील दोन झडपा अजून उघडत नाहीत. आपण दाखवलेल्या पद्धतीने त्या खरवडायला आम्ही शिक्षकांनीच घेतल्या आहेत.

आपली कृतज्ञ,
सहावीची वर्गशिक्षिका, नाशिक