पेटीतल्या पावत्या रद्दीत देऊ नकोस

प्रिय निनाद,

परवा फोनवर तू म्हणालास की घर पाडायच्या आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी रिकामी करून टाक, कामाच्या कागदांचे फोटो काढू आणि बाकीचं रद्दीत देऊ. तेव्हा मी काही बोलले नाही, बाबा शेजारीच बसले होते, उगाच वाद झाला असता. पण हे जरा सविस्तर सांगायचंच होतं म्हणून आता टाइप करतेय, लांबलं तर लांबू दे.

बघ, आपण खोत नव्हतो, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनमालक नव्हतो, त्यांची जमीन खंडाने कसणारं कूळ होतो. खोतांची दप्तरं असतात रे, मोडीत लिहिलेली, रुमालात बांधलेली, आणि सरकारी कागद तर मुंबईच्या पुराभिलेखागारात १८२१ पासून साठवलेत. पण कुळाच्या घरचा कागद कुठं मिळतो सांग? ज्याला सही येत नाही तो कशाला कागद जपेल! तुझ्या पणजोबांनी जपले ते इतिहासासाठी वगैरे नाही, खोताचा माणूस तेच भात दुसऱ्यांदा मागायला आला तर तोंडावर टाकायला.

त्यातली कबुलायत, म्हणजे कुळाने खोताला लिहून दिलेला करार, एकदा नीट बघ. जॉर्ज बादशहाचं डोकं असलेला स्टॅम्प पेपर आहे, वर भात किती मण द्यायचं ते लिहिलंय, बांधबंदिस्ती कुळानेच करायची तेही लिहिलंय (म्हणजे खाऱ्या पाण्याने बांधाला खांड पडून तो फुटला तरी नुकसान आपलं आणि मातीही आपणच टाकायची), आणि खाली 'निशाणी डावे हाताचा अंगठा'. लिहिणारा दस्तुर खोताच्याच कारकुनाचा, साक्षीदारही त्यांचाच. आपल्या बाजूचं त्या कागदावर काय आहे तर फक्त तो अंगठा.

आता खोताला भात दिल्याच्या पावत्या. वर्षामागून वर्ष लागोपाठ आहेत, १९३३ च्या सुरवातीपर्यंत. मग एकदम १९४० ची. मधल्या हरवल्या असतील असं तुला वाटेल, मलाही लग्न होऊन आले तेव्हा तसंच वाटलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या अगं तो संप. ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावच्या सभेत शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने ठरलं की खोताची जमीन कसायचीच नाही, आणि पंचवीस गावांनी ते सहा वर्षं पाळलं. १९३४ ला डॉ. आंबेडकर स्वतः चरीला येऊन गेले. १९३९ ला कुळांना संरक्षण मिळालं तेव्हा कुठं नांगर परत शेतात गेला. म्हणजे त्या सहा वर्षांची पावती नाही हाच त्या सहा वर्षांचा पुरावा आहे, आणि तो कळतो कधी, तर मागच्या-पुढच्या पावत्या एकत्र असल्या तर. तू 'कामाच्या' म्हणून चार फोटो काढलेस तर हे कुणाच्या लक्षात येणार?

आणि एक गंमत, १९३३ च्या पावतीच्या मागे हिशोब आहे. लाकडाच्या मोळ्या, कुणाला किती आण्याला दिल्या, किती उधारी राहिली. पणजोबांचा धाकटा भाऊ चौथी शिकलेला, त्याचं अक्षर. संपात घर कसं चाललं ते त्या मागच्या बाजूवर आहे, पुढच्या बाजूला फक्त खोताची शाई. म्हणून फोटो काढशील तर दोन्ही बाजूंचे काढ, कोऱ्या वाटल्या तरी.

फोटो काढायला माझी ना नाही, जरूर काढ, पण फोटो काढला म्हणजे कागद टाकायचा हे कुणी सांगितलं? तुझा मागचा फोन गेला तेव्हा बारशाचे सगळे फोटो गेलेच ना त्याच्याबरोबर. आणि कृपा करून लॅमिनेशन नको. काकांनी हौसेने ३२ म चं सर्टिफिकेट (कूळकायद्याने जमीन कुळाच्या मालकीची झाली त्याचं) लॅमिनेट करून आणलं, आता प्लास्टिक सुटत नाही आणि आतला कागद पिवळा पडत चाललाय. सेलोटेप नको, स्टेपलर नको, टाचण्या गंजल्यात त्या हळूच काढायच्या. कागद उलगडून सपाट ठेवायचे, घडीवरच तुटतात ते. मी मांजरपाट आणून धुवून ठेवलाय आणि वेखंडाच्या पुरचुंड्या केल्यात, कसर लागू नये म्हणून. आपल्या खारेपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या भागात, दमट हवा, पेटी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली की संपलंच.

मोडीचे चारपाच कागद आहेत ते मला वाचता येत नाहीत. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात म्हणे, तुझ्या बायकोला आवड आहे, तिला विचार. कंपनीसाठी जमिनी मोजायला आले होते तेव्हा गावातले कितीजण जुने कागद शोधत फिरत होते ते तू पाहिलंयस, तेव्हा 'काय उपयोग' हा प्रश्न तरी विचारू नकोस.

गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. आत्याआजींना कबुलायतीवरच्या साक्षीदारांची नावं वाचून दाखवायचीत, कोण कुठल्या घरचा ते आता त्यांनाच ठाऊक आहे, आणि ऐकू कमी येतं तर मोठ्याने विचारावं लागेल. रेकॉर्डिंग तू कर, मला ते जमत नाही. येताना साधी पेन्सिल आण, कागदाच्या मागे पेनाने काही लिहायचं नाही.

तुझी,
आई