तांबटाची चोच बंदच हवी

पुणे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तुझ्या चित्रांतले पक्षी हलायला लागले. परवा फोनवर सांगत होते, तर बाबा मध्येच म्हणाले, ‘म्हणजे कार्टून ना?’ आणि मग विषय कुठल्या कुठे गेला. म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, कार्टून नाही. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, जातात. बरेचदा एकच चित्र दोन चौकटींना चालवतात, तरी सेकंदाला १२ चित्रं झालीच. पाच सेकंदांच्या खंड्यासाठी आईला ६० खंडे काढत बसावं लागलं असतं. इथे चित्र एकच द्यायचं, काय हलायला हवं ते लिहायचं, आणि पुढच्या चौकटी एआय रचतं. रनवे, क्लिंग, व्हिओ अशी बरीच साधनं आहेत. एका वेळी साधारण पाच-दहा सेकंदांचा तुकडा मिळतो. या मशीनला अफाट व्हिडिओ दाखवून शिकवलेलं असतं. त्यावरून ‘असं चित्र असेल तर पुढे काय होईल’ याचा ते अंदाज बांधतं. पक्ष्याची हाडं, सांधे, वजन, भूक यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

तुमची गरज लागते ती इथेच.

तांबटाचंच बघा. बाबा, सेमिनरी हिल्सवर तुम्हीच मला दाखवलं होतं की ‘टुक टुक’ करताना तांबट चोच उघडत नाही. प्रत्येक ‘टुक’ला गळ्याच्या बाजूची कातडी फुगते आणि डोकं खाली-वर होतं. मशीनने काय केलं? आईच्या त्या सुबक तांबटाला आ वासून ओरडायला लावलं! बहुतेक व्हिडिओंत पक्षी चोच उघडून गातात, म्हणून हाही तसाच गाणार असा त्याचा हिशेब. ‘चोच बंद ठेव’ असं लिहिलं, तर गळाही थांबला. शेवटी त्या साधनातल्याच ब्रशने गळ्यापुरती खूण केली आणि एवढंच हलव म्हटलं, तेव्हा कुठे जमलं. डोकं मात्र अजून जागचं हलत नाही.

नीलपंखाची अडचण वेगळी आहे. आई, तू तो तारेवर बसलेला काढला आहेस. बसलेला नीलपंख बराचसा मातकट दिसतो, खरी निळाई पंख उघडल्यावर. ती कागदावर नाहीच, त्यामुळे उडवायला घेतला की मशीन मनाला येईल तो रंग भरतं. एकदा तर जांभळा आणि सोनेरी. दसऱ्याला कोणी असा नीलपंख दाखवला तर आजीने त्याला शुभ म्हटलं नसतं! यावर उपाय आहे. काही साधनांना पहिली आणि शेवटची अशा दोन्ही चौकटी देता येतात, मशीन फक्त मधलं भरतं. म्हणून पंख उघडलेला नीलपंख हवाय, तुझ्याच हातचा. कागद तोच, माप तेच, तार त्याच जागी. निळ्या पट्ट्या कशा जातात ते बाबांना विचार. मी इंटरनेटवरून फोटो पाठवणार नाही, मला तुझी निळाई हवी आहे.

कवड्या खंड्या मात्र झकास झाला. आधी मी बरीच विशेषणं लिहून पाहिली: सुंदर, चपळ, जिवंत. त्याने काहीच साधलं नाही. मग बाबांच्या डायरीतलं अंबाझरी तलावाचं पान काढलं. ‘पाण्यावर हवेत थांबतो, डोकं एका जागी, चोच सरळ खाली, पंख जोरात, मग दगडासारखा पडतो.’ हेच वाक्य इंग्रजीत करून टाकलं. बाप्पा! डोकं खरंच एका जागी राहिलं. सूर मारणं वेगळ्या तुकड्यात केलं, कारण दोन गोष्टी एकदम सांगितल्या की सगळा गोंधळ होतो. वेडा राघूही तसाच तुकड्यांत करावा लागेल: उडणं, माशी धरणं, त्याच फांदीवर परतणं, माशी फांदीवर आपटणं.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. १८८२ मध्ये एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंदुकीसारखा कॅमेरा केला होता. चाप ओढला की सेकंदाला १२ फोटो निघायचे. त्याने उडणारे पक्षी टिपले, पंख नेमके कसे वर-खाली होतात ते पाहायला. तुमची दुर्बीण आणि डायरी त्याच जातीची.

ढोकरीला मी हात लावणार नाही. ती काठावर निश्चल उभी असते, तीच तिची शिकार. मशीनला हे सोसवत नाही. मान वळव, पाय उचल, पिसं फुलव, काही ना काही चालूच. म्हणून तिचं फक्त पाणी हलवते.

आई, तुला वाईट वाटेल असं एक आहे. दाणेदार कागदावरचा तुझा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, हलत्या चित्रात मुंग्या लागल्यासारखा वळवळतो. कोपऱ्यातल्या तुझ्या सहीची तर पार वाट लागते, अक्षरं मोडून भलतंच काहीतरी होतं. म्हणून हललेला पक्षी तेवढा कापून घेते आणि तुझ्या मूळ चित्राच्या ६०० डीपीआयच्या, म्हणजे अगदी बारकाव्यांसकट केलेल्या, स्कॅनवर परत बसवते. मागची जागा मशीनने भरलेली असते, तिथे थोडं हाताने जुळवावं लागतं. पण कागद आणि सही तुझीच राहते. एक विनंती, चित्रं कूलरच्या समोरच्या कपाटात ठेवू नकोस. दमटपणाने कागदाला पोक येतो आणि स्कॅनमध्ये सावल्या पडतात.

‘मशीनने काढलं म्हणतील’ ही तुझी भीती मला पटते. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला कागद जसाच्या तसा दिसेल, पेन्सिलच्या रेघांसकट. खाली लिहीन: चित्र आईचं, निरीक्षण बाबांचं, हालचाल एआयची. काही फुकट साधनं आपली चित्रं त्यांच्या मशीनला शिकवायला वापरतात. अटी वाचून ती मी टाळली आहेत.

पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरला, तुझ्या जुन्या शाळेत हे दाखवू या. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंतचा तो आठवडा. मुलांना तांबट दाखवून आधी विचारायचं, हा कसा ओरडतो? बघू किती जण चोच उघडतात.

तर नीलपंख लवकर काढ. गुंडाळी करू नकोस, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून कुरिअर कर. बाबा, धोबी पक्ष्याच्या शेपटीची नोंद हवी आहे. चालताना हलते, का थांबल्यावर, का दोन्ही वेळा? फुटाळा तलावावर जाल तेव्हा नीट बघून लिहा. अन् हो, सकाळी टोपी घालून जा.

तुमची,
मीनू