पेटी आली, पण खातं कोणाच्या नावावर?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या संस्थांच्या दप्तरांचं डिजिटलीकरण झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि मी त्या आनंदाने वाचते. किती पानं स्कॅन झाली, खर्च किती आला, उद्घाटनाला कोण होतं, हे सगळं त्यात असतं. स्कॅन झालेली पानं पुढे कुठे ठेवली आणि ती उघडायचा अधिकार कोणाकडे आहे, हे मात्र कधी वाचायला मिळालं नाही. बडोद्यातल्या एका मराठी सार्वजनिक संस्थेत हे काम मी जवळून पाहिलं आहे. माझी नोकरी कारखान्याच्या संगणक विभागात झाली, म्हणून निवृत्तीनंतर संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावून घेतलं. इतर संस्थांच्या विश्वस्तांना त्यावरून काही सांगावंसं वाटतं, म्हणून हे पत्र.

पसारा किती असतो ते आधी सांगते. ए-फोर आकाराचं एक पान 600 डीपीआयने, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन केलं आणि फाइलचा आकार कमी न करता ठेवलं, तर त्याचे जवळपास 100 एमबी होतात. अशी दोन लाख पानं म्हणजे 20 टीबी (एक टीबी म्हणजे दहा लाख एमबी). इतिवृत्ताच्या वह्या, हिशेबाची कीर्द, नाटकांची हस्तलिखितं, गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं धरली, तर शंभरी गाठलेल्या संस्थेत दोन लाख पानं सहज निघतात. त्यात गाण्याच्या मैफलींच्या टेपा असतील, तर 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिट अशा वरच्या दर्जाने उतरवलेल्या एका तासाचे दोन जीबीहून जास्त होतात. आता हे 20 टीबी 50 एमबीपीएसच्या अपलोडने क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या कंपनीच्या साठवणुकीत, चढवायचे म्हटलं, तर लाइन एक क्षणही न तुटता सदतीस दिवस लागतील. आमच्याकडे पावसाळ्यात लाइन किती टिकते, हे बडोदेकरांना सांगायला नको.

म्हणून पेटी मागवतात. क्लाउड कंपनी साठवणुकीचं यंत्रच कुरियरने पाठवते, आपण त्यात माल, म्हणजे आपल्या फाइली, भरून परत पाठवायचा आणि कंपनी तो आपल्या खात्यात उतरवून घेते. ॲमेझॉनने 2015 मध्ये स्नोबॉल नावाने ही सोय आणली, मायक्रोसॉफ्टची डेटा बॉक्स त्याच जातीची. आमच्याकडे आली ती स्नोबॉलचीच पुढची आवृत्ती, स्नोबॉल एज. वजन साडेबावीस किलोच्या आसपास, त्यामुळे जिन्यावरून न्यायला दोन माणसं लागतात. बाहेर वेगळं खोकं नसतं, पेटीचं कवचच प्रवासाला पुरेसं मजबूत असतं. पत्त्याच्या जागी कागदी चिठ्ठीऐवजी इ-इंकचा छोटा पडदा असतो आणि काम संपवून पेटी बंद केली की त्यावर परतीचा पत्ता आपोआप येतो. चिटणीसकाकांना याचं इतकं कौतुक वाटलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ते पडदा दाखवत होते.

पेटी लावणं अवघड नाही. पुढचं आणि मागचं झाकण उघडायचं, मागे वीज आणि नेटवर्कची केबल जोडायची, पुढच्या पडद्याच्या वरचं बटण दाबायचं. पंखे मोठ्याने सुरू होतात, काही मिनिटं जातात, मग पडद्यावर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची पेटीची ओळख सांगणारा क्रमांक, दिसतो. लॅपटॉप त्याच नेटवर्कवर हवा. यानंतरही पेटी कुलूपबंदच असते. उघडायला दोन गोष्टी लागतात, मॅनिफेस्ट नावाची फाइल आणि अनलॉक कोड. फाइल एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात बंद असते आणि कोडने उलगडते, म्हणजे बँकेच्या लॉकरला दोन चाव्या असतात तसं. कोड एकोणतीस चिन्हांचा: पाच-पाच अक्षर-अंकांचे पाच गट आणि मधे चार आडव्या रेघा. लॅपटॉपवरच्या प्रोग्रामला पेटीचा आयपी पत्ता, मॅनिफेस्टची जागा आणि कोड एवढं दिलं की कुलूप निघतं.

ही दोन्ही पेटीबरोबर येत नाहीत. ज्या खात्यातून पेटी मागवली, त्या खात्यात लॉगिन करूनच ती उतरवून घ्यावी लागतात. दोन्ही एका ठिकाणी ठेवू नका, असं कंपनी स्वतः सांगते. आतला माल 256 बिटच्या एन्क्रिप्शनने बंद असतो आणि त्याची किल्ली पेटीत कधीच साठवली जात नाही. वाटेत कोणी पेटी पळवली, तरी त्याच्या हाती काहीच लागणार नाही. ही व्यवस्था मला मनापासून पटते. पण चोर बाहेरूनच येईल, असं धरून ती केलेली आहे.

पहिली पेटी आली तेव्हा काम एका एजन्सीला दिलेलं होतं. मी त्यानंतर आले. जमलेले कागद आणि निरोप चाळताना दिसलं, की मॅनिफेस्ट आणि कोड दोन्ही त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले होते, ज्यावर सहलीचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. पेटी लावणारा मुलगा कष्टाळू आणि सरळ होता. कोडची नोंद कुठे ठेवली आहे, असं मी फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "आंटी, कोड तो मारा फोनमां ज छे." (कोड तर माझ्या फोनमध्येच आहे.) त्याला कोणी वेगळं काही सांगितलंच नव्हतं. माझी तक्रार त्याच्यावर नाही. पेटीचं काम संपलं, ती परत गेली आणि तो कोड निरुपयोगी झाला. त्रास सुरू झाला तो नंतर, कारण ज्या खात्यात आमची दोन लाख पानं उतरली होती, ते खातं एजन्सीचं होतं.

करारात "डेटा क्लाउडवर सुरक्षित ठेवला जाईल" एवढंच वाक्य होतं. कोणाच्या क्लाउडवर, हे कोणी विचारलं नाही. पासवर्ड, ईमेल, ओटीपी येणारा मोबाइल, सगळं एजन्सीकडे. वर्ष उलटल्यावर साठवणुकीचा दर वाढवून बिल आलं. कमी करा म्हणायला फोन केला, तर जुना मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि नव्या माणसाला आमचं नावही माहीत नव्हतं.

नेमका त्याच काळात, ऑगस्ट 2024 च्या अखेरीस, विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. संस्थेचं दप्तर तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही कपाटं उघडली, तेव्हा जुन्या इतिवृत्तांच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटली होती आणि निळी शाई पसरून ओळींच्या जागी नुसते डाग उरले होते. काही वह्या हातात घेताच सुटल्या. चिटणीसकाका मला म्हणाले, "ताई, स्कॅन आहेत ना आपल्याकडे?" होते. पण ते बघायला आम्हाला एजन्सीची परवानगी लागत होती आणि ती मिळवण्यात बरेच आठवडे गेले. आपल्याच संस्थेच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त बघण्यासाठी आपल्याच अध्यक्षांनी बाहेरच्या कार्यालयात अर्ज करावा, याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी संस्थेच्या नावाने वेगळं खातं उघडलं, एजन्सीने परवानगी दिली आणि माल त्यांच्या खात्यातून आमच्याकडे नकलून घेतला.

ध्वनिमुद्रणांसाठी त्याच हिवाळ्यात दुसरी पेटी मागवली, ती संस्थेच्या खात्यातून. खात्याचा मुख्य ईमेल संस्थेचा, पदाधिकारी बदलले तरी न बदलणारा. एजन्सीला कामापुरत्या मर्यादित अधिकारांचा वेगळा वापरकर्ता दिला, तो काम संपल्यावर बंद केला. मॅनिफेस्ट उतरवण्याचा आणि कोड पाहण्याचा अधिकार या खात्यात दोन वेगळ्या माणसांना देता येतो. आम्ही तसाच दिला. मॅनिफेस्ट माझ्याकडे, कोड चिटणीसकाकांकडे. पेटी उघडायच्या वेळी ते समोर बसले, चष्मा पुसला आणि एकेक चिन्ह वाचू लागले. कॅपिटल कुठलं, स्मॉल कुठलं, शून्य की ओ, हे प्रत्येक वेळी थांबून सांगत होते. कोड टाकल्यावर आधी 'अनलॉकिंग' असं उत्तर आलं, थोड्या वेळाने स्थिती पुन्हा विचारली तेव्हा 'अनलॉक्ड'. कोणी, कोणासमोर, कुठल्या तारखेला पेटी उघडली, याची नोंद इतिवृत्तात झाली आणि खाली दोघांच्या सह्या.

विश्वस्तांनी एवढा विचार करावा. गुजरात सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते. बँकेतल्या पैशासाठी आपण दोन सह्यांची पद्धत ठेवतो. मग संस्थेची शंभर वर्षांची स्मृती एका ठेकेदाराच्या ईमेलवर कशी सोपवतो? हे काम कोणी वाईट हेतूने करतं असं नाही. खात्याचा प्रश्न 'कॉम्प्युटरवाल्यांचा' म्हणून सोडून दिला जातो. तो कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, मालकीचा आहे.

बडोद्याला तर हे शिकवायला बाहेरून कोणी यावं लागू नये. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या. पेटी गावात जायची, वाचून झाली की परत यायची, तिच्या जागी दुसरी. त्या पेट्यांतल्या पुस्तकांचा मालक कोण, याबद्दल संस्थानात कोणाच्या मनात शंका नव्हती. मांडवीजवळच्या ग्रंथालयात जाते तेव्हा मला त्या पेट्यांचा अभिमान वाटतो आणि आपण त्या शहरात राहतो याची जाणीवही होते.

कामाच्या बाजूच्या दोन-तीन गोष्टीही सांगून टाकते, कारण त्या कोणी मराठीत लिहिलेल्या मला दिसल्या नाहीत. पेटीची वीज गेली की ती पुन्हा कुलूपबंद होते आणि फाइल-कोडाचा सगळा खटाटोप नव्याने करावा लागतो. म्हणून चांगला यूपीएस लावल्याशिवाय सुरुवात करू नका. खात्यातल्या मुख्य कप्प्याचं, म्हणजे बकेटचं, नाव देवनागरीत चालत नाही, छोटी इंग्रजी अक्षरं, अंक, टिंब आणि आडवी रेघ एवढंच चालतं. आतल्या फाइलींना मराठी नावं चालतात, पण फोल्डरांसकट पूर्ण नाव 933 बाइटच्या आत बसलं पाहिजे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. "कै. अमुक यांच्या संग्रहातील दुर्मिळ नाट्यविषयक पत्रव्यवहार" अशी लांब नावं एकात एक फोल्डर करून देण्याची आपल्याकडे हौस असते, ती इथे नडते. नावं आटोपशीर ठेवा आणि सविस्तर वर्णन वेगळ्या यादीत लिहा. हजारो बारीक फाइली एकेक करून चढवायला फार वेळ लागतो, त्या आधी एकत्र बांधून घ्याव्यात.

सर्वात महत्त्वाचं, पेटी परत गेली म्हणजे काम संपलं असं समजून इथल्या हार्ड डिस्क मोकळ्या करू नका. माल उतरवल्यानंतर खात्यात एक अहवाल येतो, त्यात कुठल्या फाइली पोचल्या आणि कुठल्या राहिल्या ते लिहिलेलं असतं. तो आपल्या यादीशी ताडून पाहायचा. कंपनी त्यानंतर पेटी पूर्ण पुसून टाकते, त्यामुळे राहिलेलं तिथून परत मिळत नाही. आणखी एक, क्लाउडमध्ये माल आत न्यायला प्रति जीबी शुल्क नाही, पण एरवी बाहेर काढताना प्रति जीबी पैसे पडतात. दर वर्षी थोडा भाग उतरवून तपासायचा तर त्याची तरतूद अंदाजपत्रकात हवी.

नोव्हेंबर 2025 पासून ॲमेझॉनने ही पेटी नव्या ग्राहकांना देणं थांबवलं आहे. म्हणजे यापुढे ती हवी असलेली लहान संस्था, ज्याचं खातं आधीपासून आहे अशा एखाद्या एजन्सीकडेच जाणार. आमची झाली तशी अडचण त्यामुळे वाढेल. पेटी त्यांच्या खात्यातून आली तरी हरकत नाही, पण माल ठरावीक मुदतीत संस्थेच्या खात्यात नकलून देणं आणि मूळ खात्यातला पुसल्याचं लेखी देणं, ही अट करारात घालून घ्या. मायक्रोसॉफ्टची पेटी मागवत असाल, तर ऑर्डर आणि पासवर्ड संस्थेच्याच खात्यात राहतील असं बघा.

डिजिटलीकरणासाठी अनुदान देणाऱ्या सरकारी विभागांना माझी विनंती आहे, की क्लाउडचं खातं संस्थेच्या नावावर असल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. बडोद्यातल्या, तसंच इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी संस्थांच्या विश्वस्तांना विनंती, की येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि आपला डेटा आज कुठल्या खात्यात आहे, त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे सभासदांसमोर वाचून दाखवावं. कोणाला खातं उघडताना किंवा करार वाचताना मदत हवी असेल, तर मी विनामूल्य करीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संगणक अधिकारी,
दांडिया बाजार, बडोदे