नवरदेवाच्या घोडीला दवाखाना कोणता?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. पाच एकरांत पऱ्हाटी आणि तूर, अन् लग्नसराईत वरातीला घोडी. धंदा वडिलांपासूनचा. पऱ्हाटी बुडाली त्या वर्षी घर घोडीनंच चालवलं.

गेल्या मे महिन्यात ती मेली.

वरात मांडवात पोचायला रात्र झाली. दिवसभराचं ऊन, वर डीजे, पाण्याची बादली एकदाच मिळालेली. निघताना कुणीतरी कौतुकानं उरलेल्या पोळ्या अन् बुंदी तिच्यापुढे टाकली, तिनं ती फस्त केली आणि मी बघत उभा राहिलो. पहाटे ती पुढच्या पायानं जमीन उकरू लागली. मान वळवून आपल्याच पोटाकडे बघायची. मग बसली, लोळली. पोटशूळ. घोड्याचं अंग एवढं मोठं, पण जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्याला ओकता येत नाही. आत तुंबलेलं काढायचं तर नाकातून नळी घालावी लागते.

आमच्या ढोरायच्या दवाखान्यात ती नळी नव्हती. डॉक्टरसाहेब आले, सुया दिल्या, दुपारपर्यंत उन्हात तिच्याजवळ बसून होते. त्यांना बोल लावत नाही. सगळं सामान गाय, म्हैस, शेळीचं. माणूस तरी काय करील? खरी चूक त्यांच्या आधी माझ्याच हातून झाली होती. बैलाला पाजतो तसं बाटलीनं गोडेतेल तिच्या घशात ओतलं. असं पाजलेलं तेल फुफ्फुसात उतरू शकतं, हे मला ती गेल्यावर कळलं.

कळलं ते आणखीही आहे. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजता येते. उभ्या, शांत घोड्याची मिनिटाला साधारण तीस ते चाळीस. साठच्या वर गेली की वाट बघत बसायचं नाही, डॉक्टर बोलवायचा. कुशीला कान लावला तर आतडं गुरगुरलं पाहिजे; शांत असेल तर वाईट. पन्नाशी उलटल्यावर शिकलो हे, तेही घोडी गमावून.

घोडे आहेतच किती, असं तुमचं खातं म्हणेल. खरंय, २०१९ च्या पशुगणनेत देशभरात साडेतीन लाखांच्या आतच भरले, २०१२ पेक्षा ४५ टक्क्यांनी कमी. २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवं, खेचरं, उंट घेतले. ५० टक्के अनुदान, तेही ५० लाखांपर्यंत. ते मोठ्या उद्योजकाला लखलाभ. माझ्या दारात एकच घोडी होती साहेब, मला नळी पाहिजे होती.

म्हणून मागणं लहान आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात घोड्याची नळी, पंप आणि ती वापरलेला एक तरी माणूस ठेवा. आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आमच्यासारख्या घोडेवाल्यांसाठी तीन दिवसांचा मराठीतला वर्ग लावा. दाणा-वैरण थोडी थोडी किती वेळा द्यायची, सहा ते आठ आठवड्यांनी खूर कसे साळायचे, खिळा रुतला तर धनुर्वाताची सुई का टाळायची नाही, हे हातानं करून दाखवा. आमच्याकडे बैलाला नाल मारणारा तोच घोड्यालाही मारतो, त्यालाही बोलवा.

घोडा नाचवायचं शिक्षणही त्यातच घ्या. काटेरी लगामाला जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी मनाई आहे, तरी वरातीत तो दिसतो. वडिलांचा एक माझ्याही घरी खुंटीला टांगलेला आहे. तो न लावता घोडी तालावर कशी आणायची, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होतील. त्याआधी वर्ग लागला तर पहिलं नाव माझं लिहा. एसटीचं भाडं माझं मी भरीन, लगामही सोबत आणीन.

आपला,
वरातीचा एक घोडेवाला